सरोवराकाठचे उपनगर

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत वॉशिंग्टन या नावाची दोन ठिकाणे विशेष प्रसिद्ध आहेत. एक देशाची राजधानी. ती पूर्व किनाऱ्याकडे आहे. दुसरे त्याच नावाचे राज्य. ते पॅसिफिक महासागराच्या बाजूस, देशाच्या अगदी वायव्य कोपऱ्यात आहे. या राज्यातील सर्वांत मोठे शहर म्हणजे सिअ‍ॅटल. शहराच्या पश्चिमेस प्यूजेट साउंड ही समुद्राची खाडी आणि पूर्वेस वॉशिंग्टन सरोवर असे दोन जलाशय असून त्यांच्यामधील जमिनीच्या पट्ट्यावर शहर वसलेले आहे. हे सरोवर सुमारे ३५ किलोमीटर लांब आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ८८ चौरस किलोमीटर असून सर्वांत खोल ठिकाणी पाणी ६५ मीटरपर्यंत आहे. सरोवराच्या मध्यभागी मर्सर आयलंड नावाचे बेट आहे आणि पलीकडच्या काठावर बेलव्ह्यू, मेडिना, कर्कलंड ही गावे आहेत. सिअ‍ॅटलचे लोक या सर्व भागाला ‘पूर्वेची बाजू’ म्हणतात. अमेरिकेतील अत्यंत संपन्न उपनगरांत तिची गणना होते.

संपन्न वस्तीचे वर्णन करताना घरांची किंमत, मोटारींची संख्या आणि बागांची शोभा यांवरच लक्ष खिळण्याची शक्यता असते. या गोष्टी खऱ्या आहेत. परंतु त्यांवरून त्या वस्तीचे जीवन कशाच्या आधारावर उभे आहे हे कळत नाही. या प्रकरणात दैनंदिन जीवनाचे वर्णन तर येईलच. पण त्याबरोबर एका प्रश्नाचाही विचार करावयाचा आहे. प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र घर, स्वतंत्र अंगण आणि स्वतंत्र नगरपालिका हवी; परंतु सरोवर मात्र सर्वांचे एकच. अशा परिस्थितीत त्या पाण्याची काळजी कोणी घ्यावयाची?

उपनगर म्हणजे काय

‘उपनगर’ म्हटल्यावर भारतीय वाचकाच्या डोळ्यांपुढे लोकल गाडीचे स्थानक, त्याभोवतीचा बाजार आणि दाटीने उभ्या असलेल्या इमारती येतात. अमेरिकन उपनगराचे स्वरूप याहून निराळे आहे. तेथे प्रत्येक घर आपापल्या भूखंडावर सुटे उभे असते. घरापुढे हिरवळ, बाजूस मोटारीचे आच्छादन, मागे आणखी थोडी मोकळी जागा, अशी ही रचना. दुकाने घरांपासून वेगळ्या भागात असतात, आणि पुष्कळदा तेथे जाण्यासाठी मोटार काढावी लागते. ही रचना आपोआप झालेली नसून नगरपालिकेच्या नियमांनी घडविलेली आहे. कोणत्या भूखंडावर काय बांधावे, किती बांधावे आणि किती कुटुंबांनी राहावे, हे त्या नियमांनी ठरविले जाते. एका भूखंडावर एकच कुटुंब हा दीर्घकाळ या भागाचा मुख्य नियम होता.

दुसरे लक्षात घेण्यासारखे वैशिष्ट्य असे की, ही उपनगरे सिअ‍ॅटल महापालिकेचे विभाग नाहीत. बेलव्ह्यू १९५३ साली, मेडिना १९५५ साली आणि मर्सर आयलंड १९६० साली स्वतंत्र नगर झाले. २०२० च्या जनगणनेप्रमाणे बेलव्ह्यूची लोकसंख्या दीड लाखाच्या थोडी वर, मर्सर आयलंडची २५,७४८ आणि मेडिनाची तीन हजारांहूनही कमी होती. एवढ्या लहान मेडिनालाही स्वतःची नगरपरिषद आहे, स्वतःचे पोलीस आहेत. आपले नियम आपण करावेत आणि आपला कर आपल्याच गावी खर्च व्हावा, ही वृत्ती येथे खोल रुजलेली आहे.

पुलाने घडविलेले गाव

सरोवराचा तळ मऊ गाळाचा आणि पाणी खोल. त्यामुळे खांबांवर पूल उभारणे अवघड होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांत पलीकडे जाण्याचे मुख्य साधन म्हणजे होड्या. पूर्वेच्या बाजूस तेव्हा शेते, फळबागा आणि उन्हाळी बंगले होते. शहरातील सधन माणसे उन्हाळ्यात तेथे मुक्कामास जात व पावसाळी दिवस सुरू झाले की परत येत.

२ जुलै १९४० रोजी हे चित्र पालटले. त्या दिवशी सिअ‍ॅटल आणि मर्सर आयलंड यांना जोडणारा तरंगता पूल खुला झाला. काँक्रीटचे मोठे पोकळ तराफे एकमेकांस जोडून, ते नांगरांनी जागच्या जागी धरून त्यांवरून रस्ता नेलेला होता. काँक्रीट पाण्यावर तरंगते ही कल्पनाच अनेकांना हास्यास्पद वाटली होती. सुरुवातीस पुलावर पथकर होता. १९४९ मध्ये तो उठला. दुसऱ्या महायुद्धानंतर वस्ती झपाट्याने वाढली. १९६३ मध्ये उत्तरेकडे दुसरा तरंगता पूल झाला आणि १९८९ मध्ये पहिल्या पुलाशेजारी तिसरा. नोव्हेंबर १९९० मध्ये, दुरुस्तीचे काम चालू असताना आणि वादळी पाऊस पडत असताना, जुन्या पुलाच्या तराफ्यांत पाणी शिरून त्याचा मोठा भाग बुडाला. सुदैवाने वाहतूक त्या वेळी शेजारच्या नव्या पुलावरून चालू होती. १९९३ मध्ये जुन्या पुलाच्या जागी नवा बांधण्यात आला.

दिनक्रम आणि ऋतू

या उपनगराचा दिवस पुलाच्या वेळापत्रकावर चालतो. सकाळी सरोवर ओलांडून शहरात जाणाऱ्यांची रांग लागते आणि सायंकाळी परतणाऱ्यांची. मात्र आता ही रांग एकाच दिशेची राहिलेली नाही. मायक्रोसॉफ्ट ही संगणक-प्रणाली तयार करणारी कंपनी १९७९ मध्ये बेलव्ह्यूला आणि १९८६ मध्ये जवळच्या रेडमंडला आली, तेव्हापासून पूर्वेची बाजू स्वतःच एक मोठे कार्यक्षेत्र झाली आहे. शहरातून उपनगराकडे कामाला येणारे लोकही आता तितक्याच घाईने पूल ओलांडतात. या व्यवसायाबरोबर भारत, चीन आदी देशांतील पुष्कळ कुटुंबे येथे स्थायिक झाली. बेलव्ह्यूच्या रहिवाशांपैकी सुमारे दोन-पंचमांश आज आशियाई वंशाचे आहेत. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. गणेशोत्सव आणि दिवाळी येथील सभागृहांतून साजरी होते. किराणा मालाच्या दुकानांतून पोहे, साबुदाणा आणि गोडा मसाला मिळतो.

हवामानाचा दिनक्रमावर मोठा परिणाम होतो. ऑक्टोबरपासून वसंतापर्यंत आकाश बहुधा झाकोळलेले असते. पावसाचा जोर आपल्या मृगासारखा नसतो. वर्षभराचा एकूण पाऊस मुंबईच्या पावसाच्या निम्म्याहूनही कमी भरतो. पण तो बारीक बारीक, दिवसेंदिवस पडत राहतो. डिसेंबरात दुपारी साडेचारच्या आतच सूर्य मावळतो. मुले शाळेतून येतात न येतात तोच दिवे लावावे लागतात. याउलट जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस जवळजवळ नसतोच. त्या दोन महिन्यांत साऱ्या गावाचे तोंड सरोवराकडे वळते. पोहण्याच्या सार्वजनिक जागी जीवरक्षक नेमलेले असतात. वल्ह्यांच्या होड्या, शिडाच्या होड्या आणि यांत्रिक नौका पाण्यावर दिसू लागतात. ऑगस्टच्या आरंभी सिअ‍ॅटलच्या वार्षिक उत्सवानिमित्त सरोवरावर वेगवान नौकांच्या शर्यती होतात व त्या पाहण्यासाठी काठावर दाटी होते.

सामाजिक जीवनाचे केंद्र शाळा हे असते. शाळांचा खर्च राज्याच्या अनुदानावर आणि स्थानिक मालमत्ता-करावर चालतो. जादा कराचे प्रस्ताव वेळोवेळी मतदारांपुढे ठेवले जातात. चांगल्या शाळेमुळे घरांचे मोल वाढते आणि घरांचे मोल वाढल्यामुळे शाळेला पाठबळ मिळते, असे हे चक्र आहे. मर्सर आयलंडवर साधारण घराची किंमत आज वीस लाख डॉलरांच्या आसपास जाते. परिणामी ज्या शिक्षकामुळे शाळा नावारूपाला येते, जी परिचारिका वृद्धांची शुश्रूषा करते, जो माळी हिरवळ कापतो, त्यांच्यापैकी पुष्कळांना त्या गावात घर घेणे शक्य नसते. संध्याकाळी पूल ओलांडून किंवा दक्षिणेकडील स्वस्त वस्त्यांच्या दिशेने ते परत जातात.

जमिनीचा मागचा इतिहास

आजची ही शांत हिरवळ पाहून येथे पूर्वी काहीच नव्हते असे वाटेल. परंतु तसे नाही. सरोवराच्या काठी ड्युवामिश आणि त्यांच्याशी नाते असलेल्या आदिवासी समाजांची गावे होती. सरोवराचे पाणी दक्षिणेकडून ब्लॅक नावाच्या नदीवाटे बाहेर पडे, आणि त्याच वाटेने सामन मासे येत. सरोवर समुद्राशी जोडण्यासाठी कालवा खोदला गेला तेव्हा, १९१६ मध्ये, सरोवराची पातळी सुमारे पावणेतीन मीटर खाली आली. पाणी नव्या वाटेने वाहू लागले आणि ब्लॅक नदी कोरडी पडली. सरोवराभोवती मात्र नवी जमीन उघडी झाली. आज जेथे उद्याने आणि बागा आहेत, त्यांतील काही जागा त्या वर्षापर्यंत पाण्याखाली होत्या. कालव्यामुळे समुद्रातील जहाजेही आत येऊ लागली. बेलव्ह्यूच्या मायडेनबावर उपसागरात तर १९१९ पासून पुढे अनेक वर्षे व्हेल पकडणाऱ्या जहाजांचा ताफा हिवाळ्यात नांगर टाकून असे.

बेलव्ह्यूची त्या काळातील ख्याती स्ट्रॉबेरीसाठी होती, आणि ही शेती मुख्यतः जपानी कुटुंबांच्या हाती होती. त्यांनी झाडांचे बुंधे उपटून रान लागवडीखाली आणले. परंतु १९२१ च्या राज्य कायद्याने जपानहून आलेल्या स्थलांतरितांना जमिनीची मालकीच नव्हे, तर खंडाने घेण्याचा हक्कही नाकारला. १९४२ मध्ये, जपानशी युद्ध सुरू झाल्यानंतर, बेलव्ह्यू परिसरातील सुमारे साठ जपानी कुटुंबांना घरादारासह उचलून छावण्यांत ठेवण्यात आले. त्यांतील पुष्कळ माणसे जन्माने अमेरिकन नागरिक होती. त्या वर्षीचा स्ट्रॉबेरीचा वार्षिक उत्सव झाला नाही. युद्ध संपल्यावर फार थोडी कुटुंबे परतली. १९४६ मध्ये बेलव्ह्यूत मोठे व्यापारी संकुल उघडले आणि शेतांच्या जागी घरे उभी राहू लागली. सिअ‍ॅटल व भोवतालच्या अनेक वसाहतींच्या खरेदीखतांत विशिष्ट वंशाच्या लोकांना घर विकू नये अशी अट असे. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा अटी न्यायालयांमार्फत अंमलात आणता येणार नाहीत असा निर्णय दिला. १९६८ च्या कायद्याने घरांच्या व्यवहारातील असा भेदच बेकायदेशीर ठरविला. म्हणजे आपला शेजारी कोण असावा हे ठरविण्याचा अधिकार हाही या उपनगराच्या सुखसोयींपैकी एक मानला जात होता.

सरोवराचा आजार

एक शेजारी मात्र निवडता येत नव्हता. तो म्हणजे सरोवर. विसाव्या शतकाच्या आरंभी सिअ‍ॅटल शहर आपला मैला सरोवरात सोडीत असे. १९३६ पर्यंत शहराने तो बहुतांशी दुसरीकडे वळविला. पण लवकरच भोवतालची गावे वाढली. १९४१ ते १९५४ या काळात सरोवराकाठी सांडपाण्यावर प्रक्रिया करणारी दहा केंद्रे उभी राहिली. प्रत्येक गावाने आपापल्या परीने कर्तव्य केले होते. केंद्रांतून बाहेर पडणारे पाणी रोगजंतूंच्या दृष्टीने पुष्कळसे सुरक्षित होते. तरीही एक दोष राहिला होता, आणि तो डोळ्यांना दिसणारा नव्हता.

मैला आणि धुण्याची भुकटी यांत फॉस्फरस असतो. शेतकरी त्याला स्फुरद म्हणतात, आणि खतातील त्याचे महत्त्व तो जाणतो. त्या काळची प्रक्रिया-केंद्रे मैला कुजवीत, परंतु फॉस्फरस बहुतांशी पाण्यातच राही. जे शेताला खत, तेच सरोवरालाही खत. फरक एवढाच की सरोवरात त्यामुळे पीक येते ते शैवालाचे. १९५५ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाचे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक डब्ल्यू. टी. एडमंडसन आणि त्यांचे सहकारी यांना सरोवरात ऑसिलेटोरिया रुबेसेन्स हे नील-हरित वर्गातील शैवाल विपुल आढळले. एडमंडसन यांना त्याची ओळख पटली, कारण स्वित्झर्लंडमधील झुरिक सरोवरात हेच शैवाल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अवतरले होते आणि त्यानंतर ते सरोवर बिघडत गेले होते. म्हणजे वॉशिंग्टन सरोवर पुढे कोणत्या वाटेने जाणार, याचा दाखला आधीच उपलब्ध होता.

एडमंडसन यांच्या प्रतिपादनाचे विशेष असे की त्यांनी केवळ धोक्याची सूचना दिली नाही; उपायही सांगितला. फॉस्फरस येणे थांबविले तर सरोवर सुधारेल, आणि ते पुष्कळ लवकर सुधारेल, असे त्यांचे भाकीत होते. सरोवर खोल आहे, नद्यांचे स्वच्छ पाणी त्यात येते आणि साधारण अडीच वर्षांत त्यातील सर्व पाणी बदलते, हा त्या भाकिताचा आधार होता.

दोन मतदाने

दहा केंद्रे आणि त्याहून अधिक स्थानिक संस्था असताना हे काम करावयाचे कोणी? सिअ‍ॅटलचे वकील जेम्स एलिस यांनी असा विचार मांडला की, नगरपालिकांच्या सीमा ओलांडून काम करणारी एक संयुक्त संस्था हवी. १९५७ मध्ये राज्य विधिमंडळाने अशा संस्थेला मुभा देणारा कायदा केला. मार्च १९५८ मध्ये ‘मेट्रो’ नावाच्या या संस्थेचा प्रस्ताव मतदानास आला. सांडपाणी, वाहतूक आणि प्रदेशाचे नियोजन अशी तीन कामे तिच्याकडे द्यावयाची होती. कायद्याप्रमाणे सिअ‍ॅटलमध्ये आणि सिअ‍ॅटलबाहेर, दोन्हीकडे, स्वतंत्र बहुमत आवश्यक होते. शहराने कौल दिला. शहराबाहेरच्या भागाने तो दिला नाही. मोठे शहर आपल्याला गिळून टाकील, आपला कर त्याच्या कामी जाईल, ही उपनगरांची भीती होती.

पुरस्कर्त्यांनी पराभवाचा अर्थ नीट लावला. वाहतूक आणि नियोजन ही दोन कामे त्यांनी वगळली आणि क्षेत्रही लहान केले. सप्टेंबर १९५८ मध्ये केवळ सांडपाण्याचा प्रस्ताव पुन्हा मांडला गेला. त्या उन्हाळ्यात सरोवराचे पाणी गढूळ आणि दुर्गंधीयुक्त होते. काही ठिकाणी पोहण्यास मनाई होती. प्रस्तावाला दोन्हीकडे बहुमत मिळाले. येथे एक बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. सरोवर अद्याप मेलेले नव्हते. मोठी हानी होण्यापूर्वी, मुख्यतः एका शास्त्रीय भाकितावर विश्वास ठेवून, लोकांनी आपल्यावर खर्च लादून घेतला. हा खर्च बारा कोटी डॉलरांहून अधिक होता आणि तो स्थानिक नागरिकांनी उचलला.

पाणी निवळले

सरोवराभोवती मोठ्या नळांचे जाळे टाकण्यास अनेक वर्षे लागली. मध्यंतरीच्या काळात स्थिती अधिकच बिघडली. १९६० च्या दशकाच्या पहिल्या वर्षांत दररोज सुमारे साडेसात कोटी लिटर प्रक्रिया केलेले सांडपाणी सरोवरात येत होते, आणि वर्तमानपत्रे सरोवराचा उल्लेख दुर्गंधीवरून पाडलेल्या टोपणनावाने करीत. १९६३ मध्ये पहिले सांडपाणी वळविले गेले. १९६८ मध्ये शेवटचे.

पाण्याची पारदर्शकता मोजण्याची एक साधी रीत आहे. तबकडी दोरीने पाण्यात सोडावयाची आणि ती दिसेनाशी होते त्या ठिकाणी दोरीची लांबी पाहावयाची. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात, ऐन उन्हाळ्यात, ही तबकडी जेमतेम एक मीटरवर नाहीशी होई. १९७० च्या दशकाच्या आरंभी ती तीन मीटरपलीकडे दिसू लागली. पाण्यातील नायट्रोजन फारसा घटला नव्हता. फॉस्फरस मात्र झपाट्याने घटला आणि त्याच्याबरोबर शैवालही. फॉस्फरसच मुख्य कारण आहे काय, याविषयी धुण्याच्या भुकटीच्या उत्पादकांनी त्या काळी मोठा वाद घातला होता. वॉशिंग्टन सरोवराने त्या वादात स्पष्ट पुरावा पुरविला. १९७६ पासून पाणी आणखी निवळले, ते मात्र अनपेक्षित कारणाने. ऑसिलेटोरियाचे तंतू नाहीसे झाल्यामुळे आणि भक्षकांची संख्या घटल्यामुळे डॅफ्निया नावाचा सूक्ष्म जलचर, ज्याला पाणपिसू म्हणता येईल, सरोवरात वाढला. तो शैवाल गाळून खातो.

या यशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सांडपाणी नाहीसे झाले नव्हते. ते दुसरीकडे गेले होते. काही भाग वेस्ट पॉइंट येथील केंद्रातून प्यूजेट साउंडमध्ये, तर काही रेंटन येथील केंद्रातून ड्युवामिश नदीत सोडला जाऊ लागला. रेंटनचे पाणी नदीऐवजी खोल समुद्रात सोडण्याची व्यवस्था १९८७ मध्ये झाली. वेस्ट पॉइंटला प्रक्रियेचा दुसरा टप्पा १९९५ मध्ये आला. फेब्रुवारी २०१७ मध्ये, मुसळधार पावसाच्या वेळी, वेस्ट पॉइंटचे केंद्र बंद पडून कोट्यवधी लिटर अशुद्ध पाणी समुद्रात गेले. मेट्रो संस्थेच्या रचनेतही दोष निघाला. तिच्या मंडळावर निरनिराळ्या गावांचे प्रतिनिधी लोकसंख्येच्या प्रमाणात नाहीत, म्हणून ती घटनाबाह्य आहे, असा निर्णय १९९० मध्ये न्यायालयाने दिला. १९९४ पासून तिचे काम किंग काउंटी या जिल्हा-शासनाकडे गेले.

घरगुती सवयींवर उमटलेला ठसा

मोठे नळ जमिनीखाली असतात. त्यांची आठवण रोज कोणाला होत नाही. परंतु सरोवराची शिस्त लहानसहान सवयींत उतरली आहे. भांडी धुण्याच्या यंत्रासाठी फॉस्फेटयुक्त भुकटी विकण्यावर राज्याने २०१० पासून निर्बंध घातले. हिरवळीसाठी फॉस्फरसयुक्त खत वापरण्यावर २०१३ पासून निर्बंध आहेत. नवी हिरवळ लावताना किंवा मातीच्या तपासणीत उणीव आढळल्यास मात्र सवलत आहे. रस्त्याच्या कडेला पावसाचे पाणी जाण्याची जी जाळी असते तिच्याजवळ, येथून पाणी थेट ओढ्याला जाते, कचरा टाकू नये, अशा आशयाची खूण केलेली असते. घरापुढे साबणाने मोटार धुतली तर ते पाणी प्रक्रियेविना सरोवरात जाते; म्हणून मोटार हिरवळीवर किंवा धुलाई-केंद्रात धुवावी, असे सांगितले जाते. उन्हाळ्यात पोहण्याच्या जागी पाण्याचे नमुने नियमितपणे तपासतात, आणि जिवाणूंचे प्रमाण वाढल्यास ती जागा तात्पुरती बंद करतात. हंसासारख्या रानबदकांची विष्ठा हेही त्याचे एक कारण असते.

काठावरील बांधकामालाही मर्यादा आहेत. १९७१ च्या राज्य कायद्याने किनारा हा केवळ जमीनमालकाचा विषय राहिला नाही. धक्का बांधावयाचा, दगडी भिंत घालावयाची किंवा झाड तोडावयाचे तर परवानगी लागते. सामन माशांपैकी चिनूक जातीला १९९९ मध्ये संकटग्रस्त जातींत स्थान मिळाले. तिची पिले सरोवराच्या उथळ काठाने समुद्राकडे जातात. भिंती आणि धक्क्यांच्या सावल्या त्यांच्या वाटेत येतात. आपल्याच दारातील भिंतीसाठी माशाच्या पिलांची संमती घ्यावी लागते, अशी तक्रार काही घरमालक करतात. आणि एका अर्थाने ते खरेच आहे.

काठ कोणाचा

पाणी सार्वजनिक झाले, तसा काठ झाला नाही. सिअ‍ॅटलच्या बाजूस ओल्मस्टेड बंधूंच्या १९०३ च्या उद्यान-योजनेमुळे सरोवराकाठी लांबच लांब रस्ते आणि उद्याने राखली गेली. तेथे कोणीही बसू शकतो. मर्सर आयलंडवर आणि मेडिनात काठाचा बहुतेक भाग खाजगी घरांच्या मागील अंगणात गेलेला आहे. लूथर बरबँक उद्यानासारख्या काही मोकळ्या जागा आहेत, आणि जेथे रस्ता पाण्यापाशी संपतो तेथे लहानसे सार्वजनिक घाट आहेत. शेजारी कुंपणे इतकी जवळ असतात की ही जागा सर्वांची आहे हे नवख्याच्या सहसा लक्षात येत नाही. ज्या पाण्याच्या शुद्धीसाठी साऱ्या प्रदेशाने पैसा भरला, त्याच पाण्यामुळे काठावरील मोजक्या घरांचे मोल वाढले. हा लाभ सर्वांत समान वाटला गेला नाही.

यावर उपाय नाही असे नव्हे. बेलव्ह्यू नगराने मायडेनबावर उपसागराच्या काठचे भूखंड अनेक दशके, मिळतील तसे, एकेक करून विकत घेतले आणि तेथे उद्यान केले. त्याचा वाढविलेला भाग २०१९ मध्ये खुला झाला. २०२३ मध्ये राज्य विधिमंडळाने कायदा करून, आजवर एकाच कुटुंबासाठी राखलेल्या भूखंडांवरही एकाहून अधिक घरांना परवानगी देणे अनेक नगरांना बंधनकारक केले. या कायद्याने माळी आणि शिक्षक यांना सरोवराजवळ घर मिळेल काय, हे पुढील काळात दिसेल. त्याला झालेला विरोध आणि १९५८ च्या मार्चमधील विरोध यांत साम्य आहे. आपल्या गावाचा निर्णय दुसऱ्याने घेऊ नये, हेच दोन्हींचे सूत्र.

भारतीय वाचकाला हा इतिहास दूरचा वाटण्याचे कारण नाही. मुंबईच्या पाण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या पवई तलावाकाठी आज उच्चभ्रू वसाहत आहे. तलावात मात्र सांडपाणी आणि जलपर्णी यांचा प्रश्न वर्षानुवर्षे आहे. बंगळूरच्या बेळंदूर तलावाभोवतीही संगणक-व्यवसायाच्या इमारती आणि महागडी गृहसंकुले उभी आहेत. २०१५ नंतर त्या तलावावरील फेस वाऱ्याबरोबर रस्त्यावर येऊ लागला, आणि २०१७ व २०१८ मध्ये तलावपरिसरात आगी लागल्या. या तलावांना वॉशिंग्टन सरोवराची खोली नाही आणि हिमाच्छादित डोंगरांतून येणाऱ्या नद्याही नाहीत. त्यामुळे तेथील उपाय जसाच्या तसा येथे लागू पडणार नाही. प्रत्येक संकुलाने आपल्या आवारातील प्रक्रिया-यंत्रावर समाधान मानणे आणि पूर्वेच्या बाजूच्या गावांनी १९५४ पर्यंत आपापल्या केंद्रांवर समाधान मानणे, यांत मात्र फारसा फरक नाही. प्रत्येकाने आपल्यापुरते कर्तव्य केले तरी तलाव बिघडू शकतो, कारण सगळ्या नळांची बेरीज कोणीच केलेली नसते. सिअ‍ॅटलच्या परिसरात ती बेरीज प्रथम एका प्राध्यापकाने केली, एका वकिलाने ती लोकांना समजावून सांगितली, आणि एकदा नाकारलेला प्रस्ताव सहा महिन्यांनी लोकांनी स्वीकारला. आपल्या गावच्या तलावात किती नळ येऊन मिळतात आणि त्यांतून काय येते, हे मोजण्यापासून अशा कामाचा आरंभ करता येतो.